पारंपरिक म्हणे

असोद्याला शेजारच्या हिलालभाऊंच्या मुलाची हळद होती. कामिनी जळगावहून खास त्यासाठी घरी आली होती आणि भर दुपारी मांडवात बायकांच्या घोळक्यात बसली होती. डीजेवाल्यानं एक गाणं संपवून दुसरं लावलं, पोरं नाचायला धावली, आणि हळदीच्या वाटीत बुडवलेला तिचा हात तिथंच थांबला.

"दार उघड ना राणी, मले परत धाडू नको," कुणी एक पुरुष झिंगल्यासारख्या आवाजात गात होता.

चाल कामिनीची होती. शब्दही तिच्याच गाण्यातले होते, फक्त 'माय' काढून तिथं 'राणी' घातली होती. आणि ते शब्द तरी कामिनीचे कुठले? ते तिच्या थोरल्या बहिणीचे, दिपमालेचे.

दिपमालेला मुक्ताईनगरकडच्या एका गावात दिली होती. मार खाऊन ती दोनदा माहेरी पळून आली. दुसऱ्या खेपेला बापानं, निंबानं, आतून कडी लावून घेतली. कामिनी तेव्हा अकरावीत होती. बाहेरून दिपमाला एकच सांगत राहिली, "दार उघड माय, मले परत धाडू नको." आई, कुंदाबाई, कडीपर्यंत पोहोचली होती, पण निंबानं तिचं मनगट धरून ठेवलं. मग दिपमालेला मोटारसायकलवर बसवून तो स्वतः सासरी सोडून आला. महिन्याच्या आत ती तिथल्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं आणि तिचं नाव घेणं घरात बंद झालं.

पुढं जळगावला कॉलेजात कामिनीला रमीज भेटला. त्याचे वडील, युसूफचाचा, बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचे आणि रमीज गिटार वाजवायचा. कामिनीचा आवाज जाड, खर्जातला. स्नेहसंमेलनात तिला नेहमी मागच्या रांगेत ढकलत. रमीजनं तिला मोबाइलवर अमेरिकेतली गाणी ऐकवली, खाणकामगारांची, शेतकऱ्यांची, तुरुंगातल्या माणसांची, मारून टाकलेल्या बायकांची. कोरड्या आवाजात, एका गिटारीवर, माणसाचं नाव-गाव घेऊन सांगितलेली. या प्रकाराला अमेरिकाना म्हणतात, हे तिला मागाहून कळलं. आधी कळलं ते एवढंच, की असं आपल्यालाही गाता येईल.

तेव्हापासून ती गात होती. पाठीशी कंपनी नाही, कुणी वाली नाही. गिटार पाठीला, छोटा स्पीकर हातात, एसटीनं नाशिक, पुणे, इंदूर. कॅफेतले लोक तिच्या समोर बसून मोठमोठ्यानं गप्पा मारत. आयोजक म्हणत, नऊवारी नेसून या, दोन तरी सिनेमातली घ्या. ती नाही म्हणायची, आणि पुढच्या वर्षी तिथून बोलावणं यायचं नाही. तरी हळूहळू ऐकणारे जमले. कार्यक्रमाच्या शेवटी ती दिपमालेचं गाणं म्हणायची. ते म्हणताना तिनं कधी डोळे मिटले नाहीत.

आणि आता त्याच गाण्यावर पोरं रुमाल हवेत फिरवत होती.

ती उठली, पण तिच्याआधी निंबा डीजेपाशी पोहोचला आणि त्यानं वायरच उपटली. क्षणभर कामिनीला वाटलं, या माणसाला इतक्या वर्षांनी काहीतरी टोचलं. घरी पोहोचेपर्यंत तो भ्रम फिटला.

"घरची अब्रू डीजेवर लावली तू," तो म्हणाला. त्यानं ओळ ओळखली होती, आणि राग त्याला त्या डीजेवाल्याचा नव्हता, लेकीचा होता. गाणं बंद कर, ती गिटार मोड, नाहीतर या घरात पाय ठेवू नको, असं त्यानं बजावलं.

"अब्रू तुम्ही मोटारसायकलवर बसवून पोचवून आलात, आबा," कामिनी म्हणाली.

निंबानं हात उगारला. कुंदाबाई मध्ये आली. ती तिथून हलली नाही, आणि हात खाली गेला.

ते गाणं कुणी केलं हे शोधायला वेळ लागला नाही. धुळ्याचा योगराज. कामिनीनं आपलं मूळ गाणं त्याच्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं होतं. तेव्हा ते ऐकून त्यानं डोळे पुसले होते. आता त्याच्या यूट्यूब चॅनलवर गाण्याखाली लिहिलं होतं, 'पारंपरिक खान्देशी लोकगीत'.

त्या दोन शब्दांनी कामिनीचं डोकं भणभणलं. बहिणीचं शेवटचं बोलणं चोरलं ते चोरलं, वर ते कुणाचंच नाही असंही ठरवून टाकलं.

रमीजला घेऊन ती धुळ्याला गेली. योगराजनं चहा मागवला. लोकांनी गाणं उचलून धरलंय, तुझंच नाव होईल, असं तो गोडीगुलाबीनं सांगत राहिला.

"पारंपरिक कुणी ठरवलं?" तिनं विचारलं.

"गावाकडच्या बायका असंच बोलतात, ताई. त्याला मालक नसतो."

रमीज खुर्चीतून उठला होता. कामिनीनं त्याला हातानं बसवलं. योगराजला ते सामोपचाराचं वाटलं असावं. चॅनलचा पुढच्या आठवड्यात धुळ्यात मोठा कार्यक्रम आहे, तिथं मूळ गायिका म्हणून तुला उभी करतो, असं तो म्हणाला. कामिनीनं चहाला हात न लावता हो म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती रमीजबरोबर जळगावच्या स्टँडवर आली, तर कुंदाबाई आधीच तिथं उभी होती. हातात कपड्यांची पिशवी होती. निंबाला सांगून आलीस का, हे कामिनीनं विचारलं नाही.

धुळ्याच्या मैदानात माणूस मावत नव्हता. कामिनी मंचावर आली तशी 'राणी, राणी' म्हणून आरोळ्या उठल्या. तिनं गिटार गळ्यात अडकवली आणि माइकसमोर उभी राहिली.

"हे गाणं पारंपरिक नाही," ती म्हणाली. "हे माझ्या बहिणीचे शब्द आहेत. तिचं नाव दिपमाला. ती नवऱ्याच्या माराला भिऊन आमच्या दारात उभी होती आणि माझ्या बापानं दार उघडलं नाही. त्यावर तुम्ही नाचता. नाचायला लावणारा माणूस तिकडं मंचाच्या बाजूला उभा आहे."

सगळे तिकडं वळले. योगराजनं हात हलवला आणि माइक बंद झाला.

कामिनी मंचाच्या कडेशी आली आणि तशीच गाऊ लागली. रमीजनं मागून साथ धरली. पहिल्या काही रांगांना ऐकू गेलं, मागच्यांना नाही. तिथून शिट्या चालूच राहिल्या. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती तिच्या पायाशी येऊन फुटली.

तेव्हा पहिल्या रांगेतून कुंदाबाई उठली. लेकीकडं पाठ करून ती गर्दीकडं तोंड करून उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत, पदर सावरला नाही. ज्या बाजूनं शिटी येई तिकडं ती बघे, आणि ती शिटी थांबेपर्यंत नजर हलवत नसे. सगळ्या थांबल्या नाहीत. गाणं मात्र शेवटपर्यंत झालं.

पुढं वकिलाची नोटीस गेली आणि चॅनलवरून ते गाणं निघालं. लग्नांतून निघालं नाही. पेनड्राइव्हमध्ये भरलेलं ते अजून वाजतं. योगराज सगळ्यांना सांगत फिरतो, की बाई तापट आहे, तिच्याबरोबर काम करू नका. दोन कार्यक्रम त्यामुळं गेलेही.

कुंदाबाई असोद्याला परतली नाही. ती जळगावात कामिनीच्या खोलीवर राहते. निंबाचा फोन आला की कामिनीकडं देते, आणि कामिनी तो कट करते.

परवा मुक्ताईनगरच्या एका मंडळाचं बोलावणं आलं. दिपमालेचं सासर तिथून हाकेच्या अंतरावर. तिच्या सासरची माणसंही ऐकायला येतील, एवढं नक्की. गाण्यात गावाचं नाव घेणार का, असं रमीजनं विचारलं. कामिनी गिटारीला नवी तार चढवत होती. तिनं मान वर केली नाही.

"गावाचं घेईन, आडनावही घेईन," ती म्हणाली.

कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली कुंदाबाई म्हणाली, "नवऱ्याचं आन् सासूचंबी घे. मले पाठ हायेत."