सकुबाईच्या जागेवरची घोंगडी

मित्रांनो, घोंगडी बसायला असते. तिच्यावर मोबाइलची तिपाई उभी करायची नसते. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण आमच्या सुनिलला कळलं नाही. शहापूरला मोबाइलच्या दुकानात कामाला लागल्यापासून त्याला माणसापेक्षा पडदा जवळचा झाला आहे.

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, एका कडेला विरलेली, पण ऐऱ्यागैऱ्या दोऱ्याची नाही. मेंढीच्या लोकरीची. धनगराच्या मागावर मी विणले गेले, चिंचोक्याची खळ माझ्या अंगात मुरली, आणि म्हसा गावच्या जत्रेत नथूनं मला उन्हात धरून, पारखून घेतलं. नथू म्हणजे सुनिलचा बाप. त्याच्या डोक्यावर मी कितीतरी पावसाळे काढले. तो गेला, आणि मी त्याच्या बायकोची, सकुबाईची झाले.

भात झोडून झालं की आमच्या गावात एक शेत सारखं करतात, पाणी मारून चोपतात, फक्कीच्या रेघा ओढतात आणि कबड्डी सुरू होते. मधल्या रेघेसमोरची जागा सकुबाईची. सकाळीच मला तिथं अंथरायचं. मग ती केव्हाही येवो, माझ्यावर दुसरं कुणी बसणार नाही. हा गावचा रिवाज.

कधी चढाईचा गडी पकडीतून निसटून थेट तिच्या मांडीवर येऊन आदळायचा. मातीवर पाय आपटला की धक्का माझ्यातून तिच्या हाडापर्यंत जायचा. कुणी ढिला हात घातला की ती म्हणायची, "पकड करतोस का सोयरीक जुळवतोस रे?" सगळं मैदान हसायचं, तो गडीसुद्धा. पंचाचं अडलं तर तो गुपचूप तिच्याकडे बघायचा. ती मान हलवायची, तसा निकाल.

यंदा सुनिलची मुलगी भूमिका पहिल्यांदाच गावाच्या संघात उतरली. आदल्या दिवशी तिनं आजीकडून कबूल करून घेतलं. "आजी, तू तुज्या जागेवर बस. चढाईला जाताना मी बघेन."

पण सकुबाईचा गुडघा सुजला. सुनिल म्हणाला, कशाला चालतेस, मी मोबाइलवर दाखवतो, घरबसल्या जवळून दिसेल. तिनंही मान डोलावली. मग त्यानं सगळ्या गावालाच कळवलं, घरी बसूनच मोबाइलवर बघा.

दुपारी त्यानं मला नेहमीच्या जागी अंथरलं आणि माझ्या मधोमध ती तिपाई रोवली. मैदानाला पाचपंचवीस माणसं होती, तीही लांब सावलीत. माझ्याजवळ कुणी फिरकलं नाही. सकुबाईची जागा ना ती. इतकी वर्षं ज्या मानाचा मला तोरा होता, त्यानंच मला एकटं पाडलं. मला जपायचं असेल तर डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवू नका, मित्रांनो. अंथरा, आणि वर बसा.

भूमिका चढाईला निघाली. रेघ ओलांडण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं. आजी नव्हती. तिनं बापाकडे पाहिलं. तो वाकून पडद्यातच तिला बघत होता. समोर जिती पोरगी उभी, पण मान वर झाली नाही. तिसऱ्या चढाईनंतर तिनं बघणंच सोडलं.

चांगली खेळली ती. एका दमात दोघींना बाद करून आली, तेव्हा सावलीतून थोड्या टाळ्या वाजल्या. मला हात नाहीत, मित्रांनो. त्या दिवशी त्याचं फार वाईट वाटलं.

संघ जिंकला. बाकीच्या मुली हसतखिदळत पाणी प्यायला गेल्या. भूमिका माझ्या काठावर येऊन बसली, तिपाईकडे पाठ करून. घामानं निथळत होती. मी तिला ऊब दिली. मला तेवढंच येतं.

तेवढ्यात बांधावरून काठी टेकत सकुबाई आली. पोरगी दर चढाईला पडद्यातून आपल्याकडे बघते आहे, कुणाला तरी शोधते आहे, हे तिला घरी बसून दिसलं होतं. तेव्हाच ती निघाली होती. गुडघ्यानं वेळ लावला.

सुनिल हौसेनं सांगू लागला, आई, पार मुंबईपर्यंतच्या माणसांनी आपली भूमिका बघितली. सकुबाईनं तिपाई उचलून त्याच्या हातात दिली. कण्हत माझ्यावर बसली, नातीला जवळ ओढलं, आणि म्हणाली,

"सुनिल, तुज्या मोबाइलात आमाला पोरगी दिसली. पन पोरीला कोन दिसला रे?"