तिसरी पिन

पेटीने सुनेला उचलून भिंतीवर आपटलं आणि दारात दाटलेल्या गर्दीने एकच गिल्ला केला.

"पाहिलंत?" निवाड्याला बोलावलेला निकालबाबा गरजला. "मेलेला माणूस खोटं बोलत नाही!"

पेटी म्हणजे अण्णांचा जुना कॉम्प्युटर. पडदा, मेंदू, सगळं एकाच पोटात आणि पाठीला लोखंडी पत्रा. गेल्या महिन्यात त्याच्यासमोरच अण्णा कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. घरात तेव्हा सून एकटीच होती. त्या दिवसापासून पेटी लावली की पडदा काळा, पण आतून टिक टिक टिक. निकालबाबाला एवढं भांडवल पुष्कळ झालं. अण्णा आत अडकलेत, म्हणाला, आणि मारेकऱ्याने हात लावला की फेकून देतील. आधी स्वतः त्याने पत्र्याला हात लावला, मग मुलाने, शेजाऱ्यांनी. काही झालं नाही. सुनेच्या वेळी मात्र "पाप्याने शुद्ध होऊन यावं" म्हणत तिच्या चपला काढायला लावल्या आणि डोक्यावर बादली ओतली.

अण्णांची लेक गर्दीत घुसली तेव्हा तिच्या दादाने कमरेचा पट्टा काढला होता. शाळेत विज्ञान शिकवणारी ही बाई सुट्टी काढून माहेरी आली होती आणि उंबरठ्यावरच तिला वहिनीच्या तोंडावर बसलेला फटका दिसला. वहिनीचा ओठ फाटला. एका शेजारणीने तिचे केस धरले होते. "मारा, कबूल करेल!" मागून कोणीतरी ओरडत होतं.

पुढचा फटका लेकीने तळहातावर झेलला. कातडं सोललं.

"बाजूला हो. हिने अण्णांना खाल्लं."

"कशावरून?"

"पेटीने सांगितलं!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पट्टा घट्ट धरून तिने खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांच्या पायांत चपला. बाबाच्या पायांत तर गुडघ्यापर्यंत रबरी बूट. अनवाणी आणि ओली एकटी वहिनी.

"बाबा, बूट काढा."

"बूट? बाई, ही साधना आहे."

"मग साधना दाराबाहेर ठेवा आणि ह्या ओल्या फरशीवर उभं राहून हात लावा. तुम्ही कुठे कुणाला मारलंय?"

बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्म्याची परवानगी लागते."

"वहिनीने कधी घेतली होती?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तिने अण्णांच्या खणातून टेस्टर काढून पत्र्याला टेकवला. दांड्यातला दिवा लाल पेटला.

"हे अण्णा नाहीत, वीज आहे. आतला पॉवर सप्लाय जळलाय. चालू व्हायला बघतो आणि बंद पडतो, म्हणून टिकटिक. त्याची वीज ह्या पत्र्यावर उतरलीय. कोरड्या रबरावर उभ्या माणसाला ती लागत नाही, ओल्या पायांना सोडत नाही."

तिने बटण बंद करून प्लग उपसला. जाड तिसरी पिन आरीने कापलेली होती. बोर्डाला भोकं दोनच, म्हणून अण्णांनीच कापली होती, घरोघरी कापतात तशी. गळकी वीज जमिनीत नेणारी वाट तीच. आणि अण्णा तर आंघोळ करून ओल्या पायांनी कामाला बसायचे.

"दादा," प्लग त्याच्यासमोर धरत ती म्हणाली, "अण्णांनाही बहुतेक हिनेच मारलं. पेटीनेच."

दादाच्या हातातून पट्टा गळला. तेवढ्यात एक दगड बाबाच्या कपाळावर बसला. मघाशी वहिनीचे केस धरणारी शेजारीणच आता त्याच्या दाढीला लोंबकळली. "मला माहीत नव्हतं!" तो रडत होता.

"मग बूट कशाला घातलेस?" लोक त्याला तुडवू लागले.

लेक मध्ये घुसली. दोन लाथा तिलाही बसल्या. "पोलिसांना बोलवा! पुरावा नसताना तिला मारलंत, आता पुरावा मिळाला म्हणून ह्याला मारणार?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांदेखत जळका सप्लाय काढला, नवा बसवला, तीन भोकांचा बोर्ड लावून तीन पिनांची वायर नीट अर्थिंगला जोडली. टिकटिक थांबली. पडदा उजळला. खिडकीत टाळ्या वाजल्या.

"टाळ्या नकोत," ती म्हणाली. "ही तपासणी बाबाला बोलावण्याआधीही झाली असती. हात उचलण्याआधी 'कशावरून?' एवढं एकाने तरी विचारायचं होतं."

सुजल्या डोळ्याने वहिनी पुढे आली आणि तिने पत्र्यावर शांतपणे तळहात ठेवला. तिला सावरायला दादाने हात पुढे केला, तशी ती दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला चिकटली.