डाव्या हाताची मूठ

आर्वो कांगसने चित्र थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा सोडलं. पडद्यावर कालच्या अमेरिकन फुटबॉलच्या सरावसामन्याचं मैदान होतं. कडेला अजून न वितळलेल्या बर्फाचे काळपट ढीग, आणि मधोमध तो जिचा कोच होता ती पुढची फळी, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सांभाळणारी पाच धिप्पाड पोरं, खाली वाकून उभी. त्यांच्यातल्या मधल्या पोराने, सेंटरने, चेंडू पायांमधून मागे दिला. पोरं अंग सावरतात न सावरतात तोच समोरचे, आपल्याच संघातले बचाववाले त्यांच्या बगलेतून आत घुसले आणि शिट्टी वाजली. क्वार्टरबॅकच्या अंगात लाल बंडी होती. वसंतातल्या सरावसामन्यात त्याला पाडायचं नसतं, नुसता हात लागला की खेळ थांबतो. काल दिवसभर शिट्टीच वाजत होती.

दाराला पायाने ढकलून टेरेल ओडम आत आला. त्याच्या दोन्ही हातांत मांस-भाजी भरलेल्या पेस्टीच्या तेलकट कागदी पिशव्या होत्या. बचावफळीचा कोच तो होता आणि कालपासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"काय म्हातारबा, अजून तोच तुकडा? अहो, कितीदाही लावलात तरी शेवट बदलायचा नाही."

"तुझी पोरं बघतोय."

"बघा, डोळे भरून बघा. तीन वर्षं रांगत होती बिचारी, काल धावली." ओडमने एक पिशवी आर्वोपुढे ठेवली. "घ्या, सलगम जास्त घालायला सांगितलाय. तुमच्या भिंतीला भगदाडं पडली म्हणून उपाशी नका राहू."

आर्वो हसला. ओडमचा राग येणं कठीण होतं. डेट्रॉइटमधून इथे, सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या या गारठ्यात तो आला, तेव्हा नाताळपर्यंत पळून जाईल म्हणून सगळ्यांनी पैजा लावल्या होत्या. तो टिकला. हरतच टिकला, पण टिकला.

हरणं इथे नवं नव्हतं. गेल्या शरदात, खऱ्या सामन्यांच्या हंगामात, कॉलेजने एकही सामना जिंकला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी एक जिंकला, तोही समोरच्या निम्म्या संघाला पोटाची साथ आली होती म्हणून. हिवाळ्यात कॉलेजच्या अध्यक्षबाई हेवरकँप यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की वसंताचा सरावसामना मी स्वतः बघेन, दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडून ऐकेन, आणि या संघात काही राम आहे की नाही ते ठरवेन. नसेल तर आत्ताच बंद. बंद करायचं तर आत्ताच करणं बरं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आत्ता बंद केलं तर ज्यांना दुसरीकडून बोलावणं होतं ती पोरं उन्हाळ्याआधी हलू शकत होती. अशी पाच पोरं होती. शरदात बंद पडलं असतं तर ती अडकली असती.

आज चर्च सुटलं की बाई येणार होत्या.

काल त्या थर्मासमधली कॉफी पीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बचावफळीने पहिल्यांदा क्वार्टरबॅकला गाठलं तेव्हा त्या दचकल्या, आणि पुढे पुढे तर टाळ्या वाजवायला लागल्या. आर्वोने त्यांना कधी टाळ्या वाजवताना पाहिलं नव्हतं. खरं तर सरावसामन्यावरून संघ जोखायचा म्हणजे घरातल्या दोन भावांची कुस्ती लावून घराण्याची ताकद सांगण्यातला प्रकार. एक पोरगा चमकला की दुसरा तिथेच उघडा पडतो. बचाव चांगला म्हणावा तर फळी वाईट, फळी चांगली म्हणावी तर बचाव वाईट. तरीही काल मैदानावर काहीतरी होतं. पोरं आरडाओरडा करत होती, एकमेकांच्या शिरस्त्राणांवर थापा मारत होती. इतक्या वर्षांत आर्वोने तो आवाज ऐकला नव्हता, आणि आपल्या फळीची लक्तरं निघत असूनही त्याला तो आवडला होता.

ओडम शर्ट बदलायला निघून गेला. आर्वोने पुन्हा चित्र लावलं.

एक गोष्ट त्याला सकाळपासून टोचत होती. मध्ये थोडा वेळ त्याचा सेंटर, नाइल्स टेर्वो, घोट्याला पट्टी बांधून घ्यायला बाहेर गेला होता. त्याच्या जागी राखीव पोरगा उतरला, ज्याला धड चेंडू देता येत नव्हता. आणि नेमक्या त्या वेळी बचाववाले आत घुसलेच नाहीत. क्वार्टरबॅक आरामात उभा राहून दोन्ही बाजूंना बघत होता. नाइल्स परतला आणि शिट्ट्या पुन्हा सुरू झाल्या. संघातला सगळ्यांत भक्कम पोरगा परत आल्यावर भिंत पडावी?

या वेळी त्याने पाय बघितले नाहीत. उभ्या आयुष्यात तो मैदानावर फळीच्या मागे उभा राहून पोरांचे पायच बघत आला होता. पाय बरोबर पडले की बाकी सगळं आपोआप होतं, असं तो सांगायचा. पण कॅमेरा बचावफळीच्या मागच्या मचाणावर होता. तिथून नाइल्स समोरून दिसत होता. उजवा हात चेंडूवर, डावा गुडघ्यावर सैल टेकलेला. मग तो डावा हात हळूच मिटला, त्याची मूठ झाली, आणि लगेच चेंडू हलला.

आर्वोने पुढचा डाव लावला. मूठ, चेंडू. त्याच्या पुढचा. मूठ, चेंडू. प्रत्येक वेळी मूठ वळताक्षणी समोरचे चौघे झेपावत होते, चेंडूची वाट न बघता, म्हणून दर वेळी अर्धं पाऊल पुढे.

त्याने चित्र थांबवलं आणि स्वतःचा डावा हात टेबलावरून खाली घेतला. ती मूठ त्याचीच होती. दर हिवाळ्यात तो प्रत्येक सेंटरला हेच शिकवत आला होता, की मोकळा हात गारठतो, खांदा ढिला पडतो, म्हणून चेंडू देण्याआधी मूठ आवळ. नाइल्ससारखा आज्ञाधारक पोरगा मिळाला तर तो ऊन असलं तरी आवळणारच.

ड्वाइट पेल्की आत आला तो टायची गाठ ओढतच. पेल्की मुख्य कोच होता. दोघं याच मैदानावर एकत्र खेळले होते, आणि पेल्कीच्या लग्नात आर्वोने त्याचा उसना कोट घातला होता.

"बाईंची गाडी चर्चजवळ दिसली," पेल्की म्हणाला. "तुझा चेहरा असा का झालाय?"

"ये, बस इथे. नाइल्सचा डावा हात बघ."

पेल्की बसला नाही. त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बंद कर ते, आर्वो."

"अरे, एकदा बघ तर. पोरं चेंडू बघतच नाहीयेत. त्याची मूठ..."

"ठाऊक आहे मला."

बाहेर कुणीतरी गाडीचं दार लावलं. दोघंही थांबले, पण बाई नव्हत्या.

"कधीपासून?"

"सरावाच्या पहिल्या आठवड्यापासून. मी बचावाच्या मागे उभा राहतो, मला नाही तर कुणाला दिसणार? समोरच्या पोरांनाही दिसलं होतं. त्यातला एक मला सांगायला आला होता. मी म्हटलं, तोंड बंद ठेव."

"आणि ओडम?"

"त्याला काही ठाऊक नाही. त्याला वाटतंय त्याची शिकवण फळाला आली. वाटू दे."

आर्वो उठून उभा राहिला. गुडघे कुरकुरले. "ड्वाइट, शरदात समोरचे लोक आपलं चित्रण मागवतील. त्यांना दिसणार नाही?"

"ऑगस्टमध्ये तू मोडशील त्याची सवय. दोन दिवसांचं काम."

"आणि मग या बचावफळीत राहिलं काय? राखीव पोराने चेंडू दिला तेव्हा त्यांनी क्वार्टरबॅकला हातही लावला नाही. आपल्याकडे काहीच नाहीये, ड्वाइट. काल जे दिसलं तेही नाहीये."

"मग जाऊन सांग बाईंना." पेल्कीचा आवाज चढला नाही. तो फक्त थकलेला वाटला. "उद्या दार बंद होईल. काल त्या पोरांचे चेहरे बघितलेस ना? तीन वर्षं नुसता मार खाल्लाय त्यांनी. एक दिवस मिळाला. तो काढून घ्यायला माझा हात धजला नाही. तुझा धजत असेल तर बघ."

आर्वोला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी हेही कळलं, की आपण त्याच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं.

अध्यक्षबाई आल्या. त्यांच्यामागून नवा शर्ट घालून ओडम आला. बाईंनी हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि सरळ विषयाला हात घातला.

"मला खेळातलं काही कळत नाही, मिस्टर पेल्की, हे तुम्हाला माहीत आहे. पण काल मला मजा आली. आता तुम्ही सांगा. मी जे पाहिलं ते खरं होतं का?"

"बचाव चांगला आहे," पेल्की म्हणाला. "इतक्या वर्षांत इतका चांगला नव्हता. यावर एक वर्ष उभं राहू शकतं."

ओडम पायांकडे बघत हसला, लाजल्यासारखा.

"मग इतकी पडझड कुठे होतेय? ती पाचजणांची रांग तर काल पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत होती." बाई आर्वोकडे वळल्या. "मिस्टर कांगस, ती तुमची ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. पडद्यावर नाइल्स वाकलेला तसाच थांबला होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर फळीची अब्रू वाचली असती आणि बोलावणं असलेल्या पाचही पोरांना वेळेत वाट सापडली असती. ओडमचा नवा शर्ट मात्र त्याच्या अंगावर तसाच राहिला असता, आणि त्यातला माणूस खलास झाला असता.

"हो," आर्वो म्हणाला. "माझीच. कमजोर आहे."

"मग तिथे नवा माणूस हवा. वाईट वाटून घेऊ नका, पण एक वर्ष द्यायचं तर जे चालत नाही ते बदलायला नको का?"

पेल्की खिडकीबाहेर बघू लागला. ओडमचं हसू मावळलं. "मॅडम, अहो, कांगस कोचसारखा माणूस..." असं काहीतरी तो म्हणू लागला, पण आर्वोने हाताने त्याला थांबवलं.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

बाईंनी उठून सगळ्यांशी हात मिळवले. एक वर्ष मिळालं होतं. ओडमने पेल्कीला मिठी मारली, आणि पेल्की ती मिठी खांबासारखा उभा राहून सहन करत होता. आर्वोने पडदा बंद केला, टोपी घातली आणि बाहेर पडला.

आता त्याला घाई झाली होती. फळी गेली होती, मान गेला होता, त्याबद्दल नंतर घरी बायकोजवळ बोलता आलं असतं. पण पोरांना निदान तो स्वतः सांगू शकत होता, एकेकाला बाजूला घेऊन, कारण न सांगता. जा म्हणायचं. बोलावणं आहे तिकडे जा. पहिला नाइल्स, त्याला तर विस्कॉन्सिनच्या चांगल्या कॉलेजाने बोलावलं होतं. बाईंचं एक वर्ष त्यांच्यापाशी राहू दे, पोरांची वर्षं कशाला जाळायची?

नाइल्सच गाडीजवळ उभा होता. घोट्याला पट्टी, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि तोंडभर हसू.

"कोच, बाई काय म्हणाल्या? राहिला ना संघ?"

"राहिला."

नाइल्सने हवेत ठोसा मारला आणि दुखऱ्या घोट्यावर आपटून विव्हळला.

"ऐक," आर्वो म्हणाला. "तुझं ते विस्कॉन्सिनचं..."

"सकाळीच फोन केला त्यांना. नाही म्हटलं."

"काय?"

"नाही म्हटलं, कोच. त्यांनीही फारशी गळ घातली नाही. म्हणाले, दुसरा सेंटर तयार आहे, त्याला कळवतो. संपलं." तो हसला. "मी इथेच आहे. काल दिवसभर मार खाल्ला, पण रात्री अंथरुणात हसू येत होतं. म्हटलं, आपल्यातच असले वाघ असतील, तर शरदात दुसऱ्या कुणाची काय बिशाद आहे आपल्याला हात लावायची? यांच्यासमोर उभं राहून शिकलो तर पुढे सगळं सोपंच ना?"

आर्वोने गाडीच्या टपावर हात टेकला. पत्रा थंडगार होता.

"बाकीचे चौघं?"

"तेही थांबले. मीच समजावलं त्यांना रात्री. एकजण ऐकेचना, पहाटेपर्यंत डोकं खाल्लं त्याचं." नाइल्सने नाक पुसलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "आमची फळी वाईट खेळली, मला कळतंय. पण त्यांना सांगितलं मी, कांगस कोच आहेत तोवर फळीची काळजी करायची नाही. ते करतील नीट."

पार्किंगच्या पलीकडून ओडमचा मोठमोठ्याने हसण्याचा आवाज येत होता. आर्वोने खिशातून किल्ली काढली, ती चुकीची निघाली, मग दुसरी काढली.

"जेवलास का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"मग बस गाडीत. घरी चल. थोडं बोलायचंय."

"फळीबद्दल?"

"हो. बस आधी."

नाइल्स दुखरा पाय आधी आत घेत बसला, पट्टा लावला आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखा त्याच्याकडे वळून ऐकायला तयार झाला. आर्वो त्याच्या शेजारी बसला. किल्ली लावली, पण फिरवली नाही. सुरुवात कुठून करावी ते त्याला सुचत नव्हतं.