थोरली काडी मागे

मित्रांनो, वरकुट्यात मल्हारच्या घरामागे आलात तर दोडक्याचा एक वेल दिसेल. त्या वेलाच्या पानांआड जरा डोकावून बघा. ज्या ॲल्युमिनियमच्या काड्यांवर तो चढलाय ना, तो मी. मी एक जुना अँटेना आहे. आता माझ्या अंगाखांद्यावर दोडके लोंबतात आणि खरं सांगतो, मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. ज्या घरानं मला मान दिला, त्या घरच्या भाजीला आपला हातभार लागतोय म्हणून बरंच वाटतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका लांब दांड्यावर आडव्या काड्या बसवून त्यांनी मला घडवलं. सगळ्यात लांब काडी मागे, मग एकेक आखूड होत गेलेल्या, आणि सगळ्यात बारकी पुढे. ती बारकी काडी म्हणजे माझं नाक. जिकडून चित्र येतं, तिकडे ते नाक पाहिजे. एवढं ध्यानात ठेवा, कारण या नाकावरून पुढे मोठा घोळ झाला.

तिथून मी बारामतीला रावजींच्या दुकानात आलो. दुकानात आम्ही पुष्कळ भावंडं होतो. चार काड्यांचे सुटसुटीत होते, लाल-निळी बोंडं लावलेले नखरेल होते आणि मी होतो, लांबलचक, दारातून आत घेतानाही अडणारा. बारामतीची गिऱ्हाइकं यायची, सुटसुटीत अँटेना काखेत मारून जायची. माझ्याकडे बघून म्हणायची, "एवढं धूड कुठं लावायचं?" मी आपला भिंतीला टेकून उभा.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी मल्हार दुकानात आला. त्याच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती होती, पण माल पारखायची सवय काही गेली नव्हती. त्यानं एकेक अँटेना उचलला, बाजारात मेंढराची पाठ चाचपावी तसा दांडा चाचपला, काड्या हलवून पाहिल्या. बोंडंवाला त्याच्या मनात भरला होता.

"गाव कंचं?" रावजींनी विचारलं.

"वरकुटं. इंदापूरकडं."

"मग ह्यो शोभेचा नगं. तुमच्यापातुर सिंहगडावरचं चित्र लई लांबनं येतं, त्याला लांबडाच पायजे." रावजींनी माझ्यावरची धूळ झटकली. "उंच पाइपावर लावा. तोंड सिंहगडाकडं, म्हंजी मावळतीला."

"येत्या शनवारच्या आत चित्र दिसाय पायजे बगा," मल्हार म्हणाला. "आबा टीव्हीवर येणार हायत."

त्याचे वडील सोनबा म्हणजे धनगरांच्या गजी नाचातले नावाजलेले ढोलकरी. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या मंडळाला मुंबईला बोलावून टीव्हीसाठी नाच टिपून घेतला होता. पण संक्रांतीनंतर सोनबांना अर्धांगाचा झटका आला आणि ढोल बडवायचं टिपरू धरायचा उजवा हात लुळा पडला. ढोल खुंटीला गेला. सोनबांनी देवळापुढच्या ढोलाच्या बैठकीत जाणं सोडलं, जेवणसुद्धा कमी केलं. अशात त्यांचे सोबती म्हस्कू यांनी निरोप आणला की शनिवारी संध्याकाळी तो नाच दाखवणार आहेत. पुन्हा दाखवतील याची खात्री कुणी देत नव्हतं. मल्हारला एकच वाटत होतं, आबांनी स्वतःला एकदा वाजवताना बघावं.

हे ऐकलं आणि मी मनात म्हटलं, घे बाबा मला. आणि त्यानं घेतलं! एसटीच्या टपावर बांधून मी थाटात वरकुट्याला आलो. मल्हारच्या आईनं, फुलाबाईनं मला भंडारा लावला. धुळीशिवाय दुसरं काही अंगाला न लागलेला मी, पिवळाधमक झालो. मित्रांनो, तो भंडारा पावसानं कधीच धुऊन गेला, पण मला अजून आठवतो.

मग मल्हार मला घेऊन छपरावर चढला आणि घोळ तिथंच झाला. तोंड मावळतीला करायचं हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. पण माझं तोंड कुठलं, हे ना रावजींनी सांगितलं होतं, ना त्यानं विचारलं होतं.

"आबा, थोरली काडी म्होरं ठिवू का बारकी?" त्यानं वरून विचारलं.

सोनबा अंगणात बाजेवर होते. "ह्ये काय इचारनं झालं? कळपाच्या म्होरं कोन असतं? शिंगाळा एडका. थोरली म्होरं, बारकी मागं!"

झालं. माझी पाठ सिंहगडाकडे आणि नाक सोलापूरकडे. मला ओरडावंसं वाटलं, पण अँटेनाला कुठून आवाज?

खाली नवाकोरा टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मल्हार वरून मला थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवी आणि विचारी, "आलं का?" त्याची लेक मनिषा दारातून आत बघून ओरडे, "न्हाय!" मल्हारनं पाइप उंच केला, वायर पुन्हा जोडली, माझ्या पाठीला स्टीलचं ताटही बांधून पाहिलं. थोरली काडी मात्र त्यानं मावळतीची हलू दिली नाही. शुक्रवार गेला. गावात जो तो म्हणू लागला, मल्हारला बारामतीत फसवलं, माल खराब निघाला. माझ्या जिवाला ते फार लागलं.

शनिवारी दिवस कलला तशी माणसं अंगणात जमली. म्हस्कू नवं धोतर नेसून आले होते. पडद्यावर मुंग्याच. मल्हार छपरावर घामानं निथळत होता.

"ऱ्हाऊ दे रं," सोनबा बाजेवरून म्हणाले. "उतर खाली. ह्यो हात गेला, ढोल गेला. आता त्येचं चित्र बगून काय करायचं हाय?"

फुलाबाई चुलीपुढून उठून अंगणात आली. कमरेवर हात ठेवून तिनं मला न्याहाळलं.

"ही लांबडी काडी म्होरं कुनी लावली?"

"आबांनी सांगितलं. एडका म्होरं असतो."

"त्यो तुमच्या कळपात!" फुलाबाई कडाडली. "तुमी बापय मानसं मेंढरं घेऊन मागनं रमतगमत यायचा. मेंढरांचा वाडा दुसऱ्या मुक्कामाला हलायचा तवा म्होरं कोन जायचं? आमी! घोड्यावर कोकरं घालून आमी आदी निगायचो, जागा धरायचो, चूल मांडायचो. बारकी म्होरं आनि थोरली मागनं. तसं लाव की एकदा!"

"आये, ही काय कोकरं हायत व्हय?"

"मग एडका तरी हाय का? फिरव!"

मल्हारनं फिरवला. मित्रांनो, काय सांगू! माझं नाक मावळतीकडे वळलं आणि इतके दिवस पाठीवर आदळणारं सगळं एकदम अंगात शिरलं. वायरीतून सरसर खाली गेलं.

"आलं!" मनिषा किंचाळली. "बाबा, आलं! हलवू नगा!"

छपरावरून मला टीव्ही दिसत नसे. मी आणलेलं चित्र मला कधीच दिसलं नाही. मी फक्त ऐकलं. आधी खरखर, मग टीव्हीतली बाई कार्यक्रमाचं नाव सांगत होती, आणि मग ढोल. मल्हार शिडीच्या दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला. सोनबांना बाजेसकट उचलून आत नेलं. घरात नुसता ढोल घुमत होता.

"त्यो मीच हाय व्हय?" सोनबांचा आवाज आला.

"तुमीच. पागुटं वाकडं झालंया," फुलाबाई म्हणाली. "किती वर्सं झाली, तुमी नाचायचा आनि आमी भाकरी थापायचो. आज पयल्यांदा समदं बगतीया."

तेवढ्यात मला दुसरा एक आवाज ऐकू आला. टीव्हीतल्या ढोलाबरोबर कुणीतरी बाजेच्या लाकडावर थाप देत होतं. सोनबांचा डावा हात! तो चुकत नव्हता.

"सोनबा," म्हस्कू म्हणाले, "थाप तर हितंच हाय की. टिपरू मी धरतो. यील का जमून?"

पुढच्या अमावस्येला देवळापुढे बैठक बसली. एकाच ढोलाच्या एका अंगाला म्हस्कू टिपरू घेऊन बसले आणि दुसऱ्या अंगाला सोनबा डाव्या हातानं थाप देऊ लागले. दोन म्हातारे मिळून एक ढोलकरी! मी छपरावरून ऐकत होतो. त्या दिवशी मला फार फार सुख वाटलं. या घरानं मला निवडलं, गावानं खराब ठरवलं तरी फेकून दिलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभराचा ऋणी झालो.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. शनिवारी सगळी आळी घरात मावत नसे. साळुंक्या माझ्या काड्यांवर बसून भांडत. मग गावात केबल आली. वायर काढली, मला खाली उतरवलं आणि मी घराच्या कडेला गवतात पडलो. गवतात पडून राहणं वाईट असतं, ते मी नाकारत नाही. एकदा भंगारवाला आला आणि त्यानं माझा दांडा धरलाही. फुलाबाई आतून धावत आली.

"त्येला हात लावू नगंस! त्यानं आमचा ढोल घरात आनलाय."

तिनंच मला परसात उभं करायला लावलं आणि बुडाशी दोडक्याचं बी टोचलं. उभं करतानासुद्धा मल्हारला बजावलं, "बारकी मावळतीला." आता इथं कसलं चित्र येणार? पण तिनं नाक बरोबर सिंहगडाकडेच करून घेतलं.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. घरात एखादी वस्तू चालेनाशी झाली, किंवा एखादं माणूस बाजेला खिळलं, तर त्याला लगेच बिनकामाचं म्हणू नका. त्याला एकदा फिरवून बघा. कदाचित तुम्ही त्याच्या पाठीशीच बोलत असाल.

आता जरा थांबतो. देवळाकडून ढोल ऐकू येतोय, आणि डाव्या हाताची थाप अजून चुकत नाही.