रुखवतातला फ्रीज

कफ्र तूत गावातल्या शहाता ड्रायव्हरच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू होत्या, वापरायच्या आणि ठेवायच्या. वापरायच्या वस्तूंत एक चेपलेलं पातेलं, तीन पेले आणि पंधरा वर्षांची धाकटी लेक नव्वारा. ठेवायच्या वस्तूंना स्वतंत्र खोली होती. घरातली सर्वांत हवेशीर. नव्वारा आणि तिचा सात वर्षांचा भाऊ झियाद स्वयंपाकघरात जमिनीवर झोपत.

हवेशीर खोलीत थोरल्या रावयाचं रुखवत राहत होतं. बारा रजया (आमच्याकडे थंडी जेमतेम दीड महिना पडते), एकशेवीस टॉवेल, ऐंशी पेले आणि काचेच्या दारांचं एक कपाट, ज्याला आम्ही नीश म्हणतो. न वापरायची भांडी लोकांना दिसावीत म्हणून नीश असतो. करीमाने, म्हणजे या मुलांच्या आईने, स्वतःचा नीश बावीस वर्षांत एकदाच उघडला होता, तोही झुरळ मारायला.

आणि या सगळ्याच्या मधोमध, खोक्यात, सोळा घनफुटी फ्रीज. वर्षभर त्यावर रजया रचलेल्या होत्या. घरातला जुना फ्रीज मार्चमध्येच विकून टाकला होता, कारण नीशला काचेची दारं बसवायची होती. नव्या फ्रीजचं प्लास्टिक सासरीच निघायचं असतं. माहेरी निघालं तर वापरलेला माल दिला असं होतं, आणि अशा घरच्या मुलीला सासरी जन्मभर टोमणे खावे लागतात. हा आमच्याकडचा नियम. कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे मोडायची परवानगी मागायची तरी कोणाकडे?

झियादला मधुमेह होता. इन्सुलिन रोज वेळेवर टोचलं नाही तर मूल हातचं जाईल, आणि औषध थंड जागीच ठेवा, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी आईबापांना बजावलं होतं. सांगितलं आईबापांना, ऐकलं नव्वाराने. तेव्हापासून सुई तिच्याकडे होती. शाळेत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. जुना फ्रीज गेल्यापासून औषधाची बाटली शेजारच्या उम्म सफ्वतकडे राहत असे. शहाता टांटा शहराच्या रस्त्यावर मायक्रोबस चालवायचा आणि उरलेला वेळ कहवाखान्यात बसून सरकार चालवायचा. पोरगं आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं. कोणतं, ते विचारल्यावर आठवायचं.

जुलैत उम्म सफ्वत आठवडाभर समुद्रावर निघाली आणि जाताना बाटली परत देऊन गेली. करीमाने सांगितलं, मातीच्या सुरईला ओलं फडकं गुंडाळून तीत ठेव, आमच्या आज्या तसंच करायच्या. आज्यांच्या काळी इन्सुलिन नव्हतं, ही किरकोळ बाब होती.

चौथ्या दिवशी झियादला तहान लागली. पाचव्या दिवशी ती भागेना. करीमा त्याला म्हणाली की पाणी कमी पी, रात्री अंथरूण ओलं करतोस. सहाव्या दिवशी सकाळी तो ओकला आणि त्याचा श्वास जोरजोरात चालू लागला. त्याच सकाळी दारात गादीवाला बसून रावयाच्या गाद्यांचा कापूस पिंजत होता. बायका टाळ्या पिटत गाणी म्हणत होत्या. गाद्या भरायच्या दिवशी नवरीच्या आईने दार सोडायचं नसतं. करीमाने ते सोडलं नाही. नव्वाराने भावाला पाठीवर घेतलं आणि कापसाच्या ढिगातून वाट काढत ती आरोग्य केंद्रावर गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली.

"हे औषध उकाड्याने वाया गेलंय. तुमच्याकडे फ्रीज नाही?"

"आहे."

"मग?"

"तो बहिणीचा आहे. लग्न होईपर्यंत त्याला उठवायचं नाही."

बाईंनी टांटाच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला घेतली. त्यांच्याही घरी नीश होता.

टांटाच्या हॉस्पिटलात झियाद दोन दिवस सलाईनवर होता. तासभर आणखी उशीर झाला असता तर, असं तिथली नर्स म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडून दुसऱ्या खाटेकडे वळली. शहाता एकदा येऊन गेला. मायक्रोबस चालूच ठेवून आला होता. बरा आहे ना, असं त्याने दारातून विचारलं. उत्तरादाखल खालून प्रवाशांनीच हॉर्न वाजवला आणि तो गेला.

घरी परतल्यावर नव्वाराने बारा रजया जमिनीवर उतरवल्या, सुरीने पट्ट्या कापल्या आणि खोकं वरून अलगद काढून घेतलं. मग प्लास्टिक फाडलं. फ्रीज गुरगुरायला लागला तशी करीमा हातात चप्पल घेऊनच आली.

"कार्टे, प्लास्टिक फाडलंस?"

"फाडलं."

"आपली विहीण हज्जा नबविया म्हणेल, वापरलेला फ्रीज दिला."

"वापरलेलाच आहे. आत झियादचं औषध आहे आणि अर्धं कलिंगड."

"कलिंगड?"

औषधाचं एक वेळ तिने समजून घेतलं असतं. कलिंगड म्हणजे उघड चैन होती. तिने प्लगला हात घातला.

"काढ," नव्वारा म्हणाली. "पण मग उद्यापासून त्याला तू टोच. सकाळी किती युनिट द्यायचं, सांग."

करीमाला टॉवेलांचा आकडा पाठ होता. रजयांचा, पेल्यांचा, नवरदेवाच्या मावशीने आपल्या लेकीला दिलेल्या चमच्यांचाही. तिने प्लगवरचा हात काढून घेतला आणि चप्पल पायात घातली.

रुखवत बघायला नवरदेवाची आई हज्जा नबविया आली. तिने पेले मोजले, टॉवेल हुंगले आणि फ्रीजचं दार उघडलं. आत दिवा लागला. दिव्याखाली औषधाची बाटली होती आणि कलिंगडाची एक फोड.

"हा फ्रीज इथेच राहणार, हज्जा," नव्वारा म्हणाली. "तुम्हाला हवाच असेल तर न्या, पण मग झियादही सोबत येईल. मी रोज दोन वेळा टोचायला येत जाईन."

हज्जाने नवरीकडे पाहिलं. रावया वर्षभरात पहिल्यांदाच रुखवताबद्दल बोलली. "राहू दे," एवढंच.

आता तुम्हाला वाटेल, लग्न मोडलं. छे. हज्जा नबविया व्यवहारी बाई. तिला फ्रीज नकोच होता, तिच्या घरी दोन होते. गल्लीला फ्रीज दिसला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. दोघी विहिणी दार लावून बसल्या, आणि गुरुवारी रुखवताची वरात निघाली तेव्हा पहिल्या पिकअपवर लाल फिती बांधलेलं फ्रीजचं खोकं दिमाखात उभं होतं. रिकामं. ते चढवताना दोन मामांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सबरी मामा तर पाठ धरून बसला, आणि ती पुढे आठवडाभर खरोखरच दुखत राहिली.

कालव्याच्या पुलावर वारा आला. खोकं हललं, फितींसकट उठलं आणि अर्ध्या गावादेखत कालव्यात पडलं. बुडालं नाही. सोळा घनफुटी फ्रीज बदकांच्या मधून संथपणे वाहत निघाला.

ढोल थांबले. कोणी हसलं नाही. प्रत्येकाच्या घरी लेक होती आणि प्रत्येकाने कधी ना कधी काही तरी रिकामं मिरवलं होतं. शेवटी एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "कंपनी चांगली दिसते. तरंगतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. ढोल पुन्हा सुरू झाले.

आठवड्याने करीमा बाजारातून सहा पेल्यांचं खोकं घेऊन आली. नव्वाराच्या रुखवताची सुरुवात. नव्वाराने आधी झियादची सुई आटपली, मग सुरी घेऊन खोक्याची चिकटपट्टी कापली. पेले विसळले, फ्रीजमधलं पाणी ओतलं. एक झियादला दिला, एक स्वतः घेतला, एक आईसमोर धरला.

"आणखी कितीही आण," ती म्हणाली. "सगळे याच घरात फुटतील."

करीमाने पेला दोन्ही हातांत धरला, पाहुण्यांच्या घरी धरावा तसा. पाणी प्यायली. मग पेल्याकडेच बघत तिने विचारलं, "सकाळी किती असतात ते?"

"सहा."

दुसऱ्या दिवशी ती विसरली. पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पाठ झालं. एकशेवीस टॉवेल लक्षात ठेवणाऱ्या बाईला सहाचा आकडा पाठ करायला दोन वर्षं आणि तीन दिवस लागले.