माझ्या रक्तातले पहारेकरी

मित्रांनो, आता मी म्हातारी झालेली एक गाय आहे. आरे कॉलनीतल्या गोठ्यात माझ्या कानातला सत्तावीस नंबरचा पिवळा बिल्ला बघून मुलं हसतात. हसोत बापडी! पण हा बिल्ला मला कसा मिळाला, तेवढं ऐकून घ्या.

मी सहा महिन्यांची असताना मला आईपासून तोडून प्रयोगाच्या खोलीत आणलं आणि कानात हा बिल्ला टोचला. फरशी स्वच्छ, गवत ताजं, डोक्यावर पंखासुद्धा! फक्त सोबत नव्हती. तिथे माझी देखभाल करणाऱ्या मथुराबाईंना डॉक्टर नेत्रा समजावत होत्या, "लस टोचली की जनावर वाचतं. पण रक्तातल्या नेमक्या कोणत्या पेशी त्याला वाचवतात, ते शोधायचंय. म्हणून हिच्या एका प्रकारच्या पेशी औषधाने काही आठवडे काढून टाकायच्या."

"म्हणजे पहारेकरी घरी पाठवायचे आणि चोर येतो का बघायचं? काय मॅडम तुम्ही पण!"

"तसंच समजा. म्हणून दुसऱ्या गोठ्यातून थेट इथे यायचं नाही. आंघोळ, धुतलेले कपडे, हातमोजे. आणि उगाच कुरवाळायचं नाही हं."

मथुराबाई हातमोजे घालून चारा टाकायच्या आणि निघून जायच्या. एकोणीस दिवस मला कुणाचा उघडा हात लागला नाही. मी भिंतीला मान घासायची. मला फार एकटं वाटायचं.

विसाव्या दिवशी वसुबारस होती. माझ्या आईची पूजा करून मथुराबाई थेट माझ्याकडे आल्या. "तिकडे गाय वासराविना पुजली, इकडे तू आईविना. असं कसं चालेल गं?" असं म्हणत त्यांनी हातमोजा काढला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि गळ्याखाली खाजवलं. मी डोळे मिटले. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. जाताना त्यांनी कुंकू पुसून टाकलं.

आईच्या गोठ्यातल्या वासरांना तेव्हा खोकला होता. तो त्या हातावरून माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी मी तापाने फणफणले. माझे पहारेकरी तर नव्हतेच. प्रयोगाच्या औषधाचा ताप असेल, उतरेल, असं डॉक्टर नेत्रांना वाटलं. मी चारा सोडला, मग पाणीही सोडलं.

नोकरी जाईल हे मथुराबाईंना ठाऊक होतं. तरी त्या पुढे आल्या. "मॅडम, मी हिला हात लावला. तिकडच्या गोठ्यातून आले, हात न धुता."

"अहो मथुराबाई..." एवढंच बोलून डॉक्टर औषध आणि सलाइन आणायला धावल्या.

मी वाचले. "तुम्ही गप्प बसला असतात तर ही गेली असती," असं डॉक्टर नंतर त्यांना म्हणाल्या. तरीही मथुराबाईंना तिथून हलवलं आणि माझा नंबर प्रयोगातून खोडला. दुसऱ्या खोल्यांत प्रयोगाची आणखी वासरं होती, त्यांच्यावरून उत्तर मिळालं म्हणे. मला परत गोठ्यात आणलं, तेव्हा आईने मला हुंगलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं. तिने मला ओळखलंच नाही.

आता वसुबारसेला पुष्कळ जणी येतात, फोटो काढतात. मथुराबाई कधीच आल्या नाहीत. मी मात्र फाटकाकडे बघत राहते.

मित्रांनो, कुणी अशक्त असेल, आजारी असेल, तर त्याच्याकडे जाताना आधी हात स्वच्छ धुवा. पण दारातून परत फिरू नका. हात लावा.