कोळंजीचे पाय

"अहो, पाय बाजूला घ्या आधी!"

इस्त्रीतून निसटलेला निखारा कोळंजीच्या पावलावर धुमसत होता आणि हा बाबा शांतपणे शर्टाची कॉलर दाबत उभा होता. अंजलैने धावत येऊन निखारा झटकला. कातडीवर पांढरा चट्टा उठला होता.

"दुखत नाही?"

"छे गं." पाय निरखून तो हसला. "दर वर्षी जत्रेत द्रौपदी अम्माच्या निखाऱ्यांवरून चालतो. तिनंच गार केलेत."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी अंजलैला बजावले होते, वाढलेली शुगर पायांची जाणीव खाते; रोज तळवे बघा, अनवाणी फिरू देऊ नका. तिने त्याचा भात अर्ध्यावर आणला, नाचणीचे उंडे सुरू केले, गोळ्या समोर उभे राहून गिळायला लावल्या, संध्याकाळी तळ्यापर्यंत चालायला पिटाळले. शुगर उतरलीही. पण गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही, हेही नर्सबाईंनीच सांगितले होते.

द्रौपदी अम्माची जत्रा तोंडावर आली. कोळंजीने निखाऱ्यांवरून चालण्याच्या नवसाचे हळदीचे कंकण बांधून घेतले.

"यंदा राहू द्या ना," ती म्हणाली.

"कंकण बांधून माघार घेऊ? गाव काय म्हणेल?"

"गावाला पुष्कळ पाय आहेत. तुम्हाला दोनच."

तो ऐकेना, तेव्हा ती पुजाऱ्याकडे गेली. निखाऱ्याची हकीकत सांगितली, आता तुम्हीच अडवा म्हणाली. पुजाऱ्याने डोळे मिटून हात जोडले.

"निखारा पडून कळलं नाही म्हणतेस? अगं, केवढं भाग्य तुझं."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. आपल्याच तोंडाने आपण घात केला, असे तिला वाटले.

जत्रेच्या दिवशी बाकीचे निखाऱ्यांवरून धावत सुटले. कोळंजी मात्र सावकाश चालला. मधोमध थांबून त्याने अम्माच्या मूर्तीला हात जोडले. लोक 'गोविंदा, गोविंदा' म्हणून गर्जत होते. चला ना हो, चला, असे अंजलै पुटपुटत होती, पण ते तिचे तिलाही ऐकू येत नव्हते.

निखाऱ्यांपलीकडे पाय गार करायला केलेल्या दुधाच्या खड्ड्यातून बाहेर आल्यावर त्याला कडुनिंबाखाली बसवले. पाया पडायला बायकांची रांग लागली. अंजलैला कोणी पुढे जाऊ देईना, म्हणून तीही रांगेत उभी राहिली.

पाळी आल्यावर तिने वाकून त्याचा पाय हळूच उचलला. राख आणि दूध पुसताच तळव्याची साल हातात आली. खाली सगळे लालभडक होते. तिने वर पाहिले. एवढ्या आनंदात तिने त्याला कधी पाहिले नव्हते.

कोळंजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा."

"सरका ना अक्का," मागची बाई म्हणाली, "आम्हालाही पडू द्या की पाया."

अंजलैने कमरेला खोचलेले फडके काढले. सकाळी त्याच्याकडूनच इस्त्री करून घेतलेले. ते तिने त्या पायाखाली पसरले आणि ती बाजूला झाली.